कपडेपटातून कागदावर: संगीत नाटकांच्या वेशभूषा-आरेखनाची पार्श्वभूमी

१८८२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात बरोबर एका आठवड्याच्या अंतराने दोन संगीत नाटके रंगभूमीवर आली. १८ तारखेला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’चा पहिला प्रयोग झाला आणि २५ तारखेला लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात गिल्बर्ट-सलिव्हन या जोडीचे ‘आयोलॅन्थी’ लागले. सॅव्हॉयमधल्या पऱ्यांच्या केसांत विजेचे इवलेसे दिवे चमकत होते आणि हा सारा थाट ज्या रंगभूमीवर उभा राहिला, तिथे पात्राचा पोशाख आधी कागदावर रंगवून, तो मान्य करून घेऊन मगच शिंप्याच्या हाती देण्याची रीत रुजलेली होती. ‘सौभद्रा’तली सुभद्रा मात्र कागदावरून रंगमंचावर आली नाही, ती आली कपडेपटातल्या, म्हणजे नाटक मंडळीच्या पोशाखांच्या साठ्यातल्या, पेटाऱ्यातून. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली हौशी मंडळी आज एखादे जुने संगीत नाटक बसवायला घेतात आणि पात्रांच्या पोशाखांचे आरेखन हवे म्हणतात, तेव्हा या फरकाशी त्यांची गाठ पडते.

पोशाखाचे आरेखन ही चीज युरोपात दरबारी करमणुकीतून जन्मली. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या राजदरबारात होणाऱ्या नृत्य-गायनप्रधान खेळांसाठी इनिगो जोन्स या वास्तुशिल्पकाराने काढलेली पोशाखांची चित्रे अजून जपलेली आहेत. ही चित्रे मुख्यतः कल्पनेची भरारी होती. ज्या काळातले नाटक त्या काळातलाच पोशाख, हा आग्रह बराच नंतरचा आहे. १८२३-२४ च्या हंगामात जेम्स रॉबिन्सन प्लँशे याने शेक्सपियरच्या ‘किंग जॉन’साठी थडग्यांवरचे पुतळे, मोहरा आणि जुनी हस्तलिखिते तपासून तेराव्या शतकातले पोशाख तयार केले. संगीत रंगभूमीवर हीच दृष्टी पुढे दिसते ती सॅव्हॉयच्या १८८८ मधल्या ‘द योमेन ऑफ द गार्ड’मध्ये, सोळाव्या शतकातल्या या कथानकाचे पोशाख पर्सी अँडरसन यांनी आखले होते. अशा आरेखनाच्या कागदावर सुंदर आकृतीबरोबरच कापडाचा तुकडा, शिलाईच्या सूचना आणि नटाचे नावही असे. तो प्रथमतः कारागिराला दिलेला हुकूम होता. संग्रहालयात जाऊन चौकटीत बसणे त्याच्या नशिबी पुढे आले.

आपल्याकडे हुकूम तोंडी होता. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, त्यामागे आदल्या वर्षी तिथे आलेल्या कर्की गावच्या भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती हे सर्वश्रुत आहे. कर्की हे उत्तर कन्नड जिल्ह्यातले, म्हणजे यक्षगान या नृत्य-गायनप्रधान लोकनाट्याच्या प्रदेशातले गाव. मराठी नाटकाने तिथून केवळ कथानक मांडण्याची पद्धत उचलली असे मानले जाते, पण पौराणिक पात्राला ओळख देणारे मुकुट, भुजकीर्ती म्हणजे खांद्यांवरचे दागिने आणि चेहऱ्यावरचे गडद रंग यांचे संस्कारही त्या खेळाने दिले नसतील असे मानणे मला कठीण वाटते. या परंपरेत पोशाख पात्राचा प्रकार सांगतो, काळ सांगत नाही. राक्षस लांबूनही राक्षस दिसला पाहिजे आणि देव देव. त्यासाठी कोणाला काही रेखाटावे लागत नाही. एका पिढीने दुसऱ्या पिढीला पेटारा उघडून दाखवला की पुरते.

किर्लोस्करांचा जन्म १८४३ चा, म्हणजे ‘सीतास्वयंवरा’च्याच वर्षाचा, आणि तोही बेळगाव जिल्ह्यातल्या मलप्रभेकाठच्या गुर्लहोसूरचा. बेळगावात त्यांनी शिक्षकाची आणि सरकारी कचेरीतली नोकरी केली, आणि ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे शिष्य. १८८० मध्ये पुण्यात पारशी मंडळीचा ‘इंद्रसभे’चा प्रयोग पाहून त्यांना संगीत ‘शाकुंतला’ची कल्पना सुचली. ‘इंद्रसभे’त पोशाखाचा रंग नावातच येतो: पुखराज परी पिवळी, नीलम परी निळी, लाल परी तांबडी आणि सब्ज परी हिरवी. किर्लोस्करांनी हा भपका घेतला नाही. त्यांच्या शकुंतलेने आणि सुभद्रेने नऊवारी लुगडे नेसले, आणि द्वारकेतल्या यादवांच्या बायका कोणता पोशाख करीत असतील हा प्रश्न कोणा प्रेक्षकाने विचारल्याचे ऐकिवात नाही. सुभद्रेचे काम भाऊराव कोल्हटकर करीत. पुरुषाने स्त्रीचे पात्र रंगवायचे तर कासोट्याचे लुगडे, खणाची चोळी, नथ आणि अंबाडा हा रोज घरात पाहिलेला वेषच त्याला विश्वासार्ह करू शकत होता. गाणाऱ्या नटाच्या दृष्टीनेही त्यात सोय होती, कारण कासोट्याने पाय मोकळे राहतात आणि बसून उठणे, गुडघे टेकणे सोपे जाते. ‘सौभद्रा’त वेषांतर हाच कथानकाचा कणा आहे हेही विसरता येत नाही, अर्जुनाची संन्याशाची वस्त्रे पटली नाहीत तर बलरामाचा भाबडेपणा हास्यास्पद ठरेल.

याच सुमारास नऊवारीला आणखी एक घर मिळाले. राजा रविवर्म्याच्या चित्रांत आणि १८९४ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या छापखान्यातून घरोघरी गेलेल्या तसबिरींत देवी आणि पुराणांतल्या नायिका नऊवारीत उभ्या राहिल्या. रंगमंच आणि तसबीर यांनी एकमेकांना इतका दुजोरा दिला की पुराणकाळाचा पोशाख म्हणजे महाराष्ट्रातला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा पोशाख, हे समीकरण पक्के होऊन बसले. आजचा आरेखक ‘पारंपरिक’ म्हणून जे काढतो ते बहुधा हेच असते.

बालगंधर्वांच्या काळात कपडेपटाचे वैभव शिगेला पोचले. १९११ मधले ‘मानापमान’, १९१६ मधले ‘स्वयंवर’, १९१९ मधले ‘एकच प्याला’ या नाटकांतली त्यांची लुगडी, शालू आणि दागिने पाहून घरंदाज स्त्रिया आपली नेसण ठरवू लागल्या. वेशभूषाकार म्हणून वेगळे नाव तेव्हाही नव्हते. निवड नटाची किंवा मालकाची, आणि खर्च मंडळीच्या डोक्यावर. चित्रकार होते, पण ते पडद्यावर. केशवराव भोसल्यांनी १९०८ मध्ये हुबळीला ‘ललितकलादर्श’ काढली. त्या मंडळीचे पडदे कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी रंगवले. मागच्या पडद्यावरचा महाल हा चित्रकाराचा आणि पुढचा शालू हा नटाचा, अशी ही वाटणी होती. दोन्ही एकाच नजरेने आखायचे ही कल्पना अजून यायची होती.

कापडाच्या बाबतीत बेळगावची जागा या साऱ्या इतिहासात आडबाजूची नाही. बेळगावला खेटून असलेले शहापूर हे सांगली संस्थानात होते, म्हणजे ज्या पटवर्धनांनी भाव्यांना आश्रय दिला त्यांच्याच अमलाखाली. शहापूर, वडगाव, खासबाग इथले माग, पूर्वेला इलकल आणि खणासाठी प्रसिद्ध असलेले गुळेदगुड्ड, असा हा लुगड्या-चोळीचा पट्टाच आहे. गोकाकच्या बाजूला कन्नडमध्ये ‘श्रीकृष्ण पारिजात’ रंगत असे आणि मराठी मंडळ्या ‘सौभद्र’ घेऊन गावोगाव फिरत. कृष्ण दोन भाषांत गात होता. त्याच्या राण्यांचे कापड मात्र फार वेगवेगळ्या मागांवरचे असेल असे वाटत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने सीमा आखली तरी कापडाचा बाजार तिच्या दोन्ही बाजूंना पूर्वीसारखाच चालू राहिला.

आरेखनाची शिस्त आपल्याकडे प्रामुख्याने कलाशाळांत शिकलेल्या मंडळींनी आणि चित्रपटाने आणली. कोल्हापूरच्या भानू अथैया याचे ठळक उदाहरण. त्यांचे वडील बाबूराव पेंटरांबरोबर काम केलेले चित्रकार होते. त्या स्वतः मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये त्यांना ऑस्कर मिळाले. एका पिढीने पडदा रंगवला आणि पुढच्या पिढीने पोशाख कागदावर काढला, हा प्रवास मला मोठा बोलका वाटतो. रंगभूमीवर ‘घाशीराम कोतवाल’ने १९७२ मध्ये निराळाच धडा दिला. त्यात धोतर, उपरणे आणि शेंडी एवढ्यावर उभी असलेली ब्राह्मणांची रांग हाच पडदा झाला. पेशवाईचा काळ उभा करायला जरतारी अंगरख्यांचे ढीग लागत नाहीत हे प्रेक्षकांनी पाहिले.

आता ‘सौभद्र’ किंवा ‘मानापमान’ नव्याने आखणाऱ्यापुढे पुरावा म्हणून मुख्यतः जुनी छायाचित्रे असतात, आणि इथे एक तांत्रिक अडचण आहे. त्या काळातल्या छायाचित्रणाच्या काचा लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. लाल वस्तू त्यांवर काळपट उमटे आणि निळी पांढुरकी. इरकली, म्हणजे इलकलच्या, लुगड्याचा टोपपदर (नक्षीचा पदर) लाल रेशमाचा, त्यावर पांढरी नक्षी. अशा छायाचित्रात तो काळ्या पदरावरच्या पांढऱ्या नक्षीसारखा दिसतो, आणि निळ्या अंगाचे लुगडे जवळजवळ पांढरे. त्यावरून रंग घेतला तर सौभाग्यवतीच्या अंगावर काळा पदर चढतो. म्हणून चित्र कागदावर उतरवण्याआधी जुने इरकली लुगडे प्रत्यक्ष हातात घ्यावे लागते; अंगाचे सूत आणि पदराचे रेशीम जिथे फासे गुंफून जोडलेले असते ती कोंडी उलटून पाहावी लागते, आणि मगच कुंचला लाल रंगात बुडवावा लागतो.