त्रास ओळखीचा की वागणुकीचा?

मेक्सिको सिटीतल्या कोंदेसा दवाखान्यात पारलिंगी लोकांसाठी खास सेवा मिळते. तिथल्या 250 प्रौढांना संशोधकांनी मागे वळून पाहायला सांगितलं. जन्माच्या वेळी ठरवलेलं लिंग आपलं नव्हे, हे पौगंडावस्थेत जाणवत होतं तेव्हा मनाला किती त्रास झाला? घरी, शाळेत, कामावर काय काय अडलं? आणि त्याच काळात आजूबाजूचे लोक कसे वागले? रेबेका रोब्लेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2016 मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 76 टक्के लोकांना कुणी ना कुणी झिडकारलं होतं, 63 टक्क्यांनी हिंसा सोसली होती. यातलं बरंचसं घरातच घडलं होतं.

अभ्यासाचा कळीचा भाग मात्र पुढच्या आकडेमोडीत आहे. पारलिंगी असणं हाच आजार असेल, तर शरीर आणि मन यांतली विसंगती जितकी तीव्र, तितका त्रास जास्त दिसायला हवा. तसं दिसलं नाही. कोण किती खचलं, कुणाची शाळा किंवा नोकरी सुटली, याचा अंदाज झिडकारलं जाणं आणि हिंसा या दोन गोष्टींवरून बांधता येत होता, विसंगतीवरून नाही. अर्थात सगळं आठवणींवर बेतलेलं होतं, दवाखाना एकच होता आणि तिथवर पोहोचलेलीच माणसं मोजली गेली होती. म्हणून हीच पद्धत भारत, ब्राझील, लेबनॉन आणि दक्षिण आफ्रिकेतही वापरून पाहिली गेली.

हा खटाटोप चालला होता कारण जागतिक आरोग्य संघटना आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती तयार करत होती. दहाव्या आवृत्तीत पारलिंगी असणं मानसिक विकारांच्या प्रकरणात होतं. मे 2019 मध्ये मंजूर झालेल्या आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नव्या आवृत्तीत ते तिथून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवलं गेलं. आजार नाही, तर यादीतच कशाला, असं कुणी विचारेल. कारण व्यवहाराचं आहे. हार्मोन किंवा शस्त्रक्रिया हवी असेल तर डॉक्टरला कागदावर काहीतरी कोड लिहावा लागतो, विमा कंपनीलाही तो लागतो. तडजोड म्हणा हवं तर, पण शहाणपणाची.

प्रकरण बदलल्यानं समुपदेशकाच्या खोलीत काय बदलतं? माझ्या मते जवळजवळ सगळंच. ‘हा असा का झाला’ याचा शोध घेण्यात पूर्वी वर्षं जायची. आई जास्त प्रेमळ होती का, बाप घरी नसायचा का. तो शोध आता निरर्थक ठरतो. त्याऐवजी या माणसावर रोज किती आणि कुठून ताण येतो, हे पाहावं लागतं. इलान मेयर या संशोधकाने समलिंगी आणि उभयलिंगी लोकांबद्दल 2003 मध्ये मांडलेली ‘अल्पसंख्याक-ताणा’ची कल्पना 2012 मध्ये हेंड्रिक्स आणि टेस्टा यांनी पारलिंगी लोकांना लावून दाखवली. तिच्यात ताणाचे थर आहेत. बाहेरून होणारा अपमान, मारहाण, नोकरी नाकारणं हा एक. तो पुन्हा होईल म्हणून सदैव सावध राहणं आणि स्वतःला लपवणं हा दुसरा. आणि लोक म्हणतात ते खरंच असावं, असं स्वतःलाच वाटू लागणं हा सर्वात आतला.

हे थर वेगळे ओळखता आले नाहीत, तर चांगली उपचारपद्धतीही उलटते. समजा, कल्याणहून दादरला कामाला जाणारी एक तरुण पारलिंगी स्त्री समुपदेशकाला सांगते, “प्लॅटफॉर्मवर उभी राहिले की सगळे माझ्याकडेच बघतात. कुठल्या डब्यात चढू हेच कळत नाही. मग मी कामावर जातच नाही.” नैराश्य आणि चिंतेवर सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी). विचारातली अतिशयोक्ती पकडायची, पुरावा मागायचा, मग भीतीला हळूहळू सामोरं जायचं. पुस्तकी पद्धतीनं जाणारा समुपदेशक इथे विचारेल, “खरंच सगळे बघतात का? पुरावा काय?” पण लोक खरंच बघतात! लेडीज डब्यात कुणीतरी खरंच ओरडतं, जनरल डब्यात कुणाचा तरी हात खरंच लागतो. तिचा अंदाज चुकलेला नाही. तिच्या अनुभवालाच विकार ठरवणारा हा प्रश्न ऐकून ती पुढच्या वेळी येणार नाही, यात नवल ते काय?

अ‍ॅश्ली ऑस्टिन आणि शेली क्रेग या संशोधकांनी पारलिंगी लोकांसाठी सीबीटीला जी मुरड घातली, ती नेमकी इथे कामी येते. आधी धोका मान्य करायचा. कुठली वेळ, कुठला डबा, सोबत कोण, काही झालं तर फोन कुणाला, हे बसून ठरवायचं. ती उपचाराचीच पायरी आहे. मग धोका आणि निष्कर्ष वेगळे करायचे. ‘लोक बघतात’ ही घटना झाली. ‘म्हणजे मी घराण्याला लागलेला डाग आहे’ हा निष्कर्ष झाला, आणि तो तिने जन्मताना सोबत आणलेला नाही, कुणीतरी तिच्या कानात भरलेला आहे. कुणी, कधी, किती वेळा, हे उलगडू लागलं की सीबीटीची सगळी जुनी हत्यारं नीट चालतात.

खोलीत पोहोचण्याआधीच मात्र बरंच काही बिघडलेलं असतं. सरकारी रुग्णालयाची ओपीडी डोळ्यांसमोर आणा. खिडकीवर आधार कार्डावरच्या नावाने केसपेपर निघतो. बाकडी भरलेली. दारातून आवाज येतो, “अमोल! अमोल कोण आहे?” आणि पंजाबी ड्रेसमधली मुलगी उठते. पन्नास माना वळतात. पुढची दहा मिनिटं डॉक्टर कितीही मायेने बोलले, तरी तिचं अर्धं लक्ष मागे बाकड्यावरच राहतं. याला उपाय म्हणून यंत्र नको, निधी नको. केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने हाकेचं नाव लिहिलं तरी पुरतं.

नावाचं महत्त्व मोजूनही पाहिलं गेलं आहे. स्टीफन रसेल आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या तीन शहरांतल्या 129 पारलिंगी मुला-तरुणांना विचारलं, की घर, शाळा, काम आणि मित्रमंडळी यांपैकी कुठे कुठे तुम्हाला स्वतः निवडलेलं नाव वापरता येतं? असं एकेक ठिकाण वाढलं, की आत्महत्येचे विचार 29 टक्क्यांनी आणि तसे प्रयत्न 56 टक्क्यांनी कमी आढळले. ज्या घरात नाव स्वीकारलं जातं तिथे माया आणि आधारही असतोच, त्यामुळे सगळं श्रेय नावाला देता येणार नाही. तरी जिची किंमत शून्य आहे अशी गोष्ट करून बघायला हरकत कसली?

मानसोपचारतज्ज्ञांची आणखी एक अडचण फारशी बोलली जात नाही. शस्त्रक्रियेसाठी पत्र त्यांच्याकडूनच घ्यावं लागतं. किल्ली ज्याच्या हातात, त्याच्यापुढे कोण मन मोकळं करेल? रात्री झोप येत नाही, दारू वाढली आहे, मनात कधी शंकाही येते, हे सांगितलं तर पत्र अडेल या भीतीने माणसं पाठ केलेली गोष्ट सांगतात, ‘लहानपणापासून मला फक्त बाहुल्याच आवडायच्या.’ ज्या नैराश्यावर सहज उपचार झाले असते, ते तसंच राहून जातं. पारलिंगी आरोग्यावर काम करणाऱ्या जागतिक संघटनेने, ‘डब्ल्यूपॅथ’ने, आपल्या मार्गदर्शक सूचनांच्या 2022 मधल्या आठव्या आवृत्तीत प्रौढांसाठी दोनऐवजी एकच पत्र पुरेसं मानलं. अडचण त्याने हलकी झाली, गेली नाही.

आणि ‘बरं करून देतो’ म्हणणारे? औषधं, झटके, देवऋषी, नाहीतर लग्न लावून देणं. 2015 च्या अमेरिकी सर्वेक्षणात सत्तावीस हजारांहून अधिक पारलिंगी लोक सहभागी झाले होते. ओळख बदलण्याचा असा प्रयत्न ज्यांच्यावर एखाद्या व्यावसायिकाकडून झाला, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण जास्त आढळलं. आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाने जून 2021 मध्ये अशा उपचारांना मनाई केली. घरच्यांपासून पळून आलेल्या दोन तरुणींचं ते प्रकरण. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी निकालाआधी स्वतः मानसशास्त्रज्ञासमोर बसून विषय समजून घेतला, आणि तसं निकालपत्रात लिहिलंही. मला या सगळ्या कहाणीत तेच सर्वात लोभस वाटतं. पुढे 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार म्हणजे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं जाहीर केलं.

स्वीकाराची भूमिका म्हणजे येईल त्या गोष्टीला मान डोलावणं, असा एक आक्षेप असतो. तसं नाही. पारलिंगी माणसालाही द्विध्रुवी विकार होऊ शकतो, व्यसन लागू शकतं, ब्रेकअप झाल्यावर रडू येतं. उलट प्रत्येक दुखण्याचं खापर लिंगओळखीवर फोडणं, हाच नेहमीचा घोटाळा. लहान मुलांबाबत मात्र शास्त्रात खराखुरा वाद आहे. 2024 मध्ये ब्रिटनमध्ये हिलरी कास यांच्या अहवालाने वयात येणं लांबवणाऱ्या औषधांचा पुरावा कच्चा ठरवला आणि अगदी लहान वयात नाव-वेश बदलण्याबाबतही सावधगिरी सुचवली. दुसरीकडे क्रिस्टिना ओल्सन यांच्या 2016 च्या अभ्यासात, आपल्या ओळखीनुसार घरच्यांच्या पाठिंब्याने वावरणाऱ्या 73 मुलांमध्ये नैराश्य इतर मुलांइतकंच होतं, चिंता किंचित जास्त. वाद मिटलेला नाही. पण मुलाशी घाई न करता, धाक न घालता बोलणारं माणूस त्याला हवं, यावर मला तरी कुठे मतभेद दिसत नाही.

परदेशी पद्धती जशाच्या तशा उचलून आपल्याकडे चालतही नाहीत. हिजडा जमातीत गुरू-चेल्याचं नातं आहे, घराणी आहेत. घरातून हाकललेल्याला तिथे छप्पर मिळतं, आणि तिथलेही नियम, देणी-घेणी, रुसवे-फुगवे असतात. गुरू वारली म्हणून खचलेल्या माणसाला ‘आई-वडिलांशी बोलून बघा’ सांगणारा समुपदेशक चुकीच्या घराचं दार वाजवतो आहे. मुंबईतल्या मारिवाला हेल्थ इनिशिएटिव्हने समुपदेशकांसाठी चालवलेल्या प्रशिक्षणात शिकवणारे स्वतः याच समूहांमधले आहेत, ते याचसाठी.

समुपदेशक शोधताना पहिल्याच फोनवर सरळ विचारावं: याआधी पारलिंगी लोकांसोबत काम केलंय का? मला कुठल्या नावाने हाक माराल? घरच्यांना काय सांगाल, आणि मला विचारल्याशिवाय काय सांगणार नाही? उत्तरात चाचपडणं असलं तरी चालेल, पण ‘आधी आपण कारण शोधू’ असं ऐकू आलं, तर फोन ठेवून दुसरा नंबर लावावा. आणि मनात जीव देण्याचे विचार घोळत असतील, तर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे.