आखूड स्प्रिंग आणि कडक स्प्रिंग: हलक्या केलेल्या गाडीचा हिशोब

चेंबूरच्या एका मित्राने जुनी हॅचबॅक हलकी करायला घेतली. डिकीतली सीएनजीची टाकी गेली, मागची सीट गेली, स्टेपनी, कार्पेट, स्पीकरचा खोकाही गेला. मागच्या चाकांवरचा सुमारे ८० किलो भार उतरला आणि गाडी मागून वर उठली. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावली तर पूर्वीपेक्षा २ सेंटिमीटर जास्त. ‘कडक स्प्रिंग टाक, बसेल खाली,’ असं त्याला तिघांनी सांगितलं. त्याने टाकली, आणि गाडी आणखी वर गेली.

यात जादू काही नाही. गाडी किती उंचीवर उभी राहते आणि स्प्रिंग किती कडक आहे, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला किती किलो भार लागतो, हे दोन वेगळे आकडे आहेत. पहिला मोकळ्या स्प्रिंगच्या लांबीवरही ठरतो, दुसरा तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर. दोन्हींचा घोळ होतो तो बहुधा कटरमुळे. सहा कामाच्या, म्हणजे प्रत्यक्ष दबणाऱ्या वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग आखूड होतेच, शिवाय २० टक्के कडकही होते, कारण तीच तार आता पाच वेढ्यांत दबते. एका कापात दोन्ही बदल झाले की माणसाला ती एकच गोष्ट वाटू लागते. (गॅसने तापवून स्प्रिंग खाली बसवणाऱ्यांबद्दल काय बोलायचं! पोलादाला दिलेलं पाणीच उतरतं त्यात.)

मित्राचा हिशोब मांडतो. आकडे सोपे व्हावेत म्हणून स्प्रिंग थेट चाकावर आहे असं धरू. मागच्या एका कोपऱ्यावर आधी २०० किलो होते, चाक-ब्रेकचं वजन सोडून. कंपनीची स्प्रिंग २ किलो प्रति मिलिमीटरची, म्हणजे १०० मिलिमीटर दबलेली. भार १६० झाला, दाब ८० वर आला, गाडी २० मिलिमीटर वर. आता तेवढ्याच लांबीची ३ किलोवाली टाकली तर ती जेमतेम ५३ मिलिमीटर दबणार. म्हणजे मूळ उंचीपेक्षा ४७ मिलिमीटर वर. तिघांचा सल्ला इथे उताणा पडला.

आता कडकपणा किती हवा? ते ठरतं दर सेकंदाला गाडी किती वेळा डोलते यावरून. साध्या घरगुती गाड्या १ ते दीडच्या आसपास असतात, रस्त्यावरच्या स्पोर्टी गाड्या दीड ते दोनच्या. मित्राची गाडी आधी १.५८ होती. वजन काढल्यावर, स्प्रिंगला हातही न लावता, १.७६ झाली. गाडी हलकी केली की जुनीच स्प्रिंग तिच्यासाठी आपोआप कडक ठरते, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा हाच. ३ किलोवाली टाकून तो २.१६ वर पोहोचला होता. वर्षातून एकदा कोईमतूरच्या कारी रेसिंग ट्रॅकवर ते शोभेल. रोज चेंबूर ते लोअर परळ जाताना पेव्हर ब्लॉकच्या खचलेल्या सांध्यांवर चाक रस्ता सोडतं. १.९ धरलं तर २.३ किलोची स्प्रिंग पुरते. ती ७० मिलिमीटर दबते. गाडी मूळ उंचीपेक्षा १५ मिलिमीटर खाली हवी असेल, तर मोकळी लांबी मूळ स्प्रिंगपेक्षा ४५ मिलिमीटर कमी घ्यायची. कडकपणा एका हिशोबाने, लांबी दुसऱ्या.

गाडी खाली बसवायच्या स्प्रिंगांच्या तयार किटवर ‘३० मिलिमीटर खाली’ लिहिलेलं असतं, ते पूर्ण वजनाच्या गाडीसाठी. हलक्या गाडीत त्यातले १५-२० मिलिमीटर सहज हवेत जातात. म्हणून ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत शिरण्याआधी वजनकाटा गाठावा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. वजाबाकीतून मागचा भार कळतो. टाकी अर्धी भरलेली, चालक आत बसलेला.

शॉकअपचं, म्हणजे स्प्रिंगचं डोलणं रोखणाऱ्या नळकांड्याचं काय? स्प्रिंग कडक झाली की शॉकअपनेही जास्त रोखायला हवं, पण वजन घटल्याने ती गरज थोडी कमी होते. २.३ किलो आणि १६० किलोच्या जोडीला जवळपास मूळ गाडीइतकाच रोध लागतो. शॉकअप ठणठणीत असेल तर लगेच नवा घ्यायची गरज नाही. आरसीवरची सीएनजीची नोंद मात्र आरटीओत जाऊन बदलून घ्यावी लागते. गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच.

शेवटची तपासणी जॅकवर. आखूड स्प्रिंगची खरी खोड चाक लटकल्यावर दिसते. शॉकअप पूर्ण उघडला आणि स्प्रिंग त्याहून आखूड पडली, तर ती बैठकीत सैल होते. मित्राच्या सोसायटीच्या गेटावर एक अरुंद, टोकदार गतिरोधक आहे. नव्या स्प्रिंगांसह तो ओलांडला आणि मागून ‘टक्’ आवाज आला. गाडी जॅकवर घेतली, हाताने स्प्रिंग फिरवून पाहिली. ती सहज फिरली, बोटभर मोकळी होती. तिच्यावर एक छोटी मऊ हेल्पर स्प्रिंग बसवली. गाडी जमिनीवर असते तेव्हा ती पूर्ण दबून गप्प पडते. चाक लटकलं की उरलेली जागा भरते. आवाज गेला.