गणपतराव देशमुख ‘सलग’ अकरा वेळा निवडून आले होते का?

सांगोल्याचे दिवंगत आमदार गणपतराव देशमुख सलग अकरा वेळा निवडून आले आणि कधीच हरले नाहीत, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. यातील अकरा हा आकडा खरा असला, तरी ‘सलग’ हा शब्द चुकीचा आहे. शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर ते 1962 आणि 1967 मध्ये विजयी झाले, 1972 मध्ये मात्र पराभूत झाले. 1974 च्या पोटनिवडणुकीत परतल्यावर 1990 पर्यंतची प्रत्येक निवडणूक जिंकून 1995 मध्ये ते शहाजीबापू पाटील यांच्याकडून हरले. पुढे 1999 ते 2014 या काळात त्यांनी आणखी चार विजय मिळवले.

हा देशातील विक्रम असल्याचेही म्हटले जाते, पण केरळचे ओमन चंडी पुथुपल्लीतून 1970 ते 2021 या काळात बारा वेळा आणि तेही सलग निवडून आले.

एसटीने प्रवास करणाऱ्या या आमदाराचे मोठेपण मला त्या दोन पराभवांतच अधिक दिसते, कारण दोन्ही वेळा त्यांनी पक्ष आणि मतदारसंघ न बदलता त्याच मतदारांचा कौल पुन्हा मिळवला.