गोड मिरची, लहान फळांची

ढोबळी (भोपळी, सिमला) मिरचीच्याच जातीतील, पण बोटाएवढी किंवा लिंबाएवढी बिनतिखट फळे धरणारे झुडूप. शास्त्रीय नाव कॅप्सिकम ॲन्युअम, कुल सोलॅनेसी. वांगे, टोमॅटो, बटाटा हे तिचे सगोत्र.

मूलस्थानाबाबत बराच घोळ झालेला आहे. लेओनहार्ट फुक्स या जर्मन अभ्यासकाने १५४२–४३ मधील आपल्या वनस्पतिग्रंथांत मिरचीला कालिकतशी जोडले आणि ती मूळची भारतीय असल्याचा समज यूरोपात पुष्कळ काळ टिकला. आता मेक्सिको हेच मूलस्थान मानतात. तेथील ईशान्य भाग की मध्य-पूर्व, यावर मतभेद आहेत. अलीकडचा पुरावा दुसऱ्या मताकडे अधिक झुकतो. भारतात मिरची पोर्तुगीजांबरोबर, बहुधा सोळाव्या शतकात आली. ‘सिमला’ हे नाव ब्रिटिश काळातील तेथील लागवडीवरून पडले असावे.

तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्यामुळे येतो. ते बियांत तयार होत नाही. फळ आडवे कापल्यावर बिया ज्या पांढुरक्या गादीला चिकटलेल्या दिसतात, त्या गादीत होते. गोड मिरचीत त्यासाठी लागणारे जनुक निकामी असते व हा गुण अप्रभावी (तिखटपणाच्या जनुकापुढे झाकला जाणारा) आहे. लवंगीशेजारी लावल्यास गोड मिरची तिखट होते, ही समजूत म्हणूनच अर्धवट खरी. गादी मातृझाडाची असल्याने त्या हंगामातील फळे गोडच राहतात. परागसंकर झाला असेल, तर त्यांच्या बियांपासून वाढलेली रोपे मात्र तिखट निघतात. घरचे बी धरायचे असेल, तर कळी उमलण्यापूर्वीच तिच्यावर मलमलीची पुरचुंडी बांधावी. हे कष्ट सार्थकी लागतात.

महाराष्ट्रात परसबागेसाठी ऑगस्ट–सप्टेंबरमधील पेरणी सोयीची, कारण फळधारणा थंडीत येते. पारा ३२° से.च्या वर राहिला, की फुले गळतात. साधारण महिन्याभराचे रोप १०–१२ इंची, निचऱ्याच्या कुंडीत लावतात. खोड जेथे प्रथम दुभागते तेथील पहिले फूल खुडल्यास झाड आधी अंग धरते.

मुख्य शत्रू बोकड्या, म्हणजे पाने मुरडण्याचा रोग. पानांच्या कडा वर वळल्या तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी ही सूक्ष्म कीड, असा ढोबळ भेद करतात. फळाच्या बुडाशी पडणारा खोलगट करपट डाग सहसा कॅल्शियम कमी पोहोचल्याचा. पाणी कधी कमी कधी जास्त दिल्याने तो बळावतो. फांद्या ठिसूळ असल्याने फळे ओढून न तोडता देठासह कात्रीने कापतात.