ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची झीज आणि चालकाच्या सवयी

गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीत क्लचच्या घर्षणपट्ट्या, तेल, सील आणि गिअर अडकवणारे भाग वापराने कमजोर होत जातात. ही झीज टळत नाही, पण ती लवकर होणार की उशिरा, हे बरेचसे चालकावर अवलंबून असते. सातारा जिल्ह्यात हा विषय घाटांमुळे महत्त्वाचा ठरतो. पुण्याहून येताना खंबाटकी, वाईहून पाचगणीला जाताना पसरणी, साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वर, मेढ्याहून महाबळेश्वरला जाताना केळघर आणि पाटणकडून चिपळूणला उतरताना कुंभार्ली असे घाट इथल्या चालकाच्या रोजच्या वाटेवर आहेत. सपाटीवर खपून जाणारी सवय या चढांवर महागात पडते.

‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाखाली चार वेगळ्या रचना येतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिनाची ताकद तेलाच्या प्रवाहातून पुढे जाते आणि वेग आल्यावर आतला लॉकअप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो. सीव्हीटीमध्ये दोन पुलींमधला पोलादी पट्टा वरखाली सरकतो. डीसीटीत सम आणि विषम गिअरांसाठी दोन स्वतंत्र क्लच असतात. एएमटी मात्र मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे. त्यातला क्लच आणि गिअर माणसाऐवजी यंत्रणा हलवते. 2014 मध्ये मारुती सेलेरिओपासून एएमटी भारतात सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली. क्लचचे पेडल नसल्यामुळे ‘या गाडीला क्लचच नाही’ असा अनेकांचा समज होतो आणि पुढचे नुकसान इथूनच सुरू होते.

सर्वांत घातक सवय म्हणजे चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी उभी धरणे. सुट्टीच्या दिवशी पसरणी घाटात पाचगणीपर्यंत रांग लागते. गाडी मागे घसरू नये म्हणून चालक पाय ॲक्सिलरेटरवर हलकेच दाबून ठेवतो, त्यामुळे ती पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. त्या वेळी एएमटीच्या क्लचची एक बाजू इंजिनाबरोबर फिरत असते आणि दुसरी स्थिर असते. इंजिनाची सगळी शक्ती प्लेटच्या घासण्यात उष्णता होऊन जाते. काही मिनिटांत जळका वास येतो, मग पिकअप जातो आणि काही गाड्यांत डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागून गाडी चालण्यासच नकार देते. कोरडे, म्हणजे तेलात न बुडालेले, क्लच असलेल्या डीसीटीचेही असेच होते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अशा वेळी प्लेट जळत नाही, तेल तापते, म्हणून दोष लगेच जाणवत नाही.

उपाय साधा आहे. थांबायचे तर ब्रेकवर थांबावे आणि थांबा लांबला तर हँडब्रेक ओढावा. चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी मागे घसरू न देणारे ‘हिल होल्ड’ असले तरी ते साधारण दोन-तीन सेकंदच गाडी धरते, त्याच्या भरवशावर उभे राहू नये. रांग हातभर सरकली की आपणही हातभर सरकायचे, हा मोहही टाळावा. पुढे पुरेशी जागा होऊ द्यावी आणि मग एका दमात निघावे. गाळप हंगामात चढावर उसाच्या ट्रॉलीमागे अडकल्यावरही हेच करावे. मागचा हॉर्न वाजवत असला, तरी क्लच आपला जळतो.

उष्णतेचा खरा हिशेब तेलात होतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समधले तेल सर्वसाधारणपणे 80 ते 100 अंश सेल्सिअसला काम करते. 120 अंशांच्या वर ते झपाट्याने खराब होऊ लागते. तेल बिघडले की सील कडक होतात, दाब कमी पडतो, क्लच घसरू लागतात आणि त्या घसरण्याने उष्णता आणखी वाढते. काही उत्पादक हे तेल ‘आयुष्यभराचे’ म्हणतात. तरीही डोंगराळ रस्ता, जास्त वजन आणि सतत थांबत-निघत चालवणे हा कठीण वापर मानून गाडीच्या अनेक माहितीपुस्तिकांमध्ये तेलबदलाची मुदत कमी दिलेली असते. नियमित घाट चढणाऱ्याने स्वतःला याच गटात धरावे. तपकिरी पडलेले, जळका वास येणारे तेल पाहिल्यावर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहू नये.

उतरताना चूक उलटी होते. पेट्रोल वाचेल म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली जाते. प्रत्यक्षात इंधन इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंद होते, तर न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलिंगवर ते पीतच राहते. शिवाय इंजिनाचा अडसर गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो आणि पळत्या गाडीला पुन्हा डीमध्ये (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जाण्याच्या स्थितीत) टाकताना क्लचांना वेगाचा मोठा फरक एकदम भरून काढावा लागतो. उतारावर एल किंवा 2 (खालचे गिअर) किंवा मॅन्युअल मोड वापरावा. त्याने गिअरबॉक्स खराब होत नाही, कारण इंजिन मर्यादेबाहेर फिरेल असा गिअर यंत्रणा पडू देत नाही.

गाडी पूर्ण थांबण्याआधीच आर (रिव्हर्स) आणि डी बदलणे हे यवतेश्वरच्या अरुंद वळणावर गाडी वळवताना हमखास घडते. प्रत्येक वेळी आतल्या क्लचला धक्का बसतो. साताऱ्यातल्या पोवई नाक्यासारख्या गर्दीत दर थांब्याला न्यूट्रल करण्याची मात्र गरज नाही. एएमटीत ब्रेक दाबून थांबले की क्लच आपोआप सुटलेला असतो.

उतारावर गाडी लावताना थेट पी (पार्क) टाकला तर गाडीचे सगळे वजन गिअरबॉक्सच्या आतल्या एका छोट्या खटक्यावर येते. ब्रेक दाबून न्यूट्रल करावे, हँडब्रेक ओढावा, ब्रेक सोडून वजन हँडब्रेकवर बसू द्यावे आणि मग पुन्हा ब्रेक दाबून पी टाकावा. बऱ्याच एएमटी गाड्यांना पी नसतो, त्या गिअरमध्ये ठेवून बंद कराव्या.

बंद पडलेली गाडी दोर बांधून ओढत नेण्याची घाटातली जुनी पद्धत टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीला चालत नाही. गिअरबॉक्सचा तेलपंप सहसा इंजिनावर फिरतो. इंजिन बंद असताना चालकचाके (इंजिनाची ताकद मिळणारी चाके) फिरत राहिली की आतले भाग तेलाविना घासतात. अशी गाडी टोइंगच्या ट्रकवर चढवून, निदान चालकचाके उचलून न्यावी.