फुटलेलं चेंबर आणि अर्धा कच्चा इपॉक्सी

सध्या व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरतोय. तडकलेला इंजिन ब्लॉक, भेगेवर फासलेली करडी पेस्ट आणि खाली ठळक अक्षरांत ‘वेल्डिंग विसरा, द्रवरूप पोलाद आलंय!’ शेवटी इंजिन भुर्रकन चालू होतं. किती वेळ चाललं, ते मात्र दाखवलेलं नाही. निदान नीट गरम होईपर्यंत तरी चाललं का, एवढंच मला विचारायचं आहे.

त्या पेस्टमध्ये पोलादाची पूड असते, हे खरं. पण पुडीचे कण वितळून एकमेकांत मिसळत नाहीत, प्रत्येक कण प्लास्टिकमध्ये बुडून बसलेला असतो. हे प्लास्टिक म्हणजे इपॉक्सी, दोन नळ्यांतलं रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणारा गोंद. नुसत्या इपॉक्सीपेक्षा पोलाद साठ-सत्तर पट ताठ असतं. पूड घातल्याने हे अंतर थोडं कमी होतं, मिटत नाही. त्यामुळे याला वेल्डिंग म्हणणं ही निव्वळ जाहिरातबाजी. अर्थात म्हणून इपॉक्सी टाकाऊ ठरत नाही. स्वच्छ पोलादावर नीट लावलेला चांगला इपॉक्सी चौरस सेंटीमीटरला दीड-दोनशे किलोचा सरकता ताण, म्हणजे दोन भाग एकमेकांवरून घसरवू पाहणारा जोर, सहज झेलतो. तोच सांधा कडेने सोलायला घेतला, तर लगेच सुटतो.

स्विस रसायनशास्त्रज्ञ पिएर कास्तान १९३०च्या दशकात दातांच्या कवळ्यांसाठी साहित्य शोधत होते. त्यांच्या हाती ही रेझिनं लागली. पुढे सिबा कंपनीने १९४६ साली बाझलच्या औद्योगिक मेळ्यात त्यांचा गोंद मांडला, तोच आपला अ‍ॅराल्डाइट. एम-सीलसुद्धा याच घराण्यातलं, फक्त लांबीच्या रूपात.

दोन नळ्यांपैकी रेझिनच्या रेणूला दोन्ही टोकांना एकेक छोटं त्रिकोणी कडं असतं, दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन. कार्बनला आपले बंध साधारण १०९ अंशांच्या कोनात ठेवायला आवडतात, इथे ते ६० अंशांत कोंबलेले असतात. त्यामुळे कडं तुटायला टपलेलंच असतं. हार्डनरमध्ये अमाइन, म्हणजे नायट्रोजनवाली संयुगं असतात. त्यांचा नायट्रोजन जवळ आला की ते उघडतं, कार्बन-नायट्रोजन बंध तयार होतो आणि जवळच एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) उरतो. हा हायड्रॉक्सिल पुढची कडी उघडायला मदत करतो, शिवाय धातूवरच्या ऑक्साइडच्या थरालाही धरून बसतो. नायट्रोजनवर जितके हायड्रोजन, तितकी कडी तो पकडू शकतो. म्हणजे दोन प्राथमिक अमाइन गट (प्रत्येकाच्या नायट्रोजनवर दोन हायड्रोजन) असलेला रेणू चार कड्यांना जोडतो, आणि बघता बघता सगळ्या गोळ्याचं एकच अवाढव्य जाळं होतं. यात काहीही उडून जात नाही, म्हणून तो फारसा आकसत नाही आणि बंद फटीतही घट्ट होतो.

गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘भाऊ, हार्डनर जरा जास्त घाला, लवकर धरेल.’ हा हिशेब चुकीचा आहे. हार्डनर हा नुसता वेग वाढवणारा उत्प्रेरक नाही, जाळं विणायचा माल तोही आहे. जास्त घातलेल्या अमाइनला पकडायला कडी उरत नाहीत. ते तसंच लोंबत राहतं आणि जाळं ढिलं पडतं.

आता माझ्या आवडीचा भाग. जाळं विणलं जाताना त्या पदार्थाचं ‘काचसंक्रमण तापमान’ सतत चढत असतं. या तापमानाच्या खाली पदार्थ काचेसारखा कडक असतो आणि वर गेला की रबरासारखा मऊ. लोणावळ्याची चिक्की थंडीत कडकन मोडते आणि उन्हात ठेवलेल्या गाडीत वाकते, ते याच कारणाने. फरक एवढाच, की चिक्की अखेर वाहते, इपॉक्सी जाळ्यात बांधलेला असल्यामुळे वाहत नाही, नुसता लिबलिबीत होतो. नळीतल्या रेझिनचं काचसंक्रमण शून्याखाली असतं, म्हणून ते पातळ. मिसळल्यावर ते वर सरकू लागतं, दहा अंश, वीस अंश. आणि ज्या क्षणी ते खोलीच्या तापमानाला गाठतं, त्या क्षणी गंमत होते. रेणू जागच्या जागी जखडतात. उरलेली कडी इथे, उरलेलं अमाइन तिथे, आणि भेटायला कुणालाच हलता येत नाही. अभिक्रिया स्वतःच स्वतःला गोठवते. थोडी पुढे रेटते, पण फार नाही.

परिणाम असा, की शेडमध्ये तीस अंशांना घट्ट झालेल्या साध्या इपॉक्सीचं काचसंक्रमण ५०-६० अंशांच्या आसपास अडकून पडतं. रसायन तेच, पण पुढे नीट तापवून पूर्ण होऊ दिलं तर त्यातली बरीच मिश्रणं शंभराच्या वर जातात. म्हणजे ठोकून पाहिल्यावर दगडासारखा वाटणारा तुकडा आतून अर्धा कच्चाच असतो. बोइंग ७८७ विमानाचा वजनाने निम्मा भाग कार्बन धागे आणि इपॉक्सीचा आहे, पण तो दाबाखाली १८० अंशांच्या आसपास भाजून काढलेला असतो. पाच मिनिटांत धरणारे प्रकार तर उष्णतेपुढे आणखी लेचेपेचे.

कडक झालेला इपॉक्सीही सततच्या ओझ्याखाली हळूहळू सरकतो, हे बॉस्टनमध्ये दिसलं. तिथल्या एका बोगद्यात छताचे काँक्रीटचे पॅनल इपॉक्सीत रोवलेल्या बोल्टांवर टांगले होते. जुलै २००६ मध्ये त्यातले काही एका मोटारीवर कोसळले आणि एक महिला दगावली. झटपट धरणारा इपॉक्सी कायमच्या भारासाठी वापरला गेला होता, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

आता इंजिनाकडे. कच्च्या रस्त्यावर दगड लागून ऑइलचं चेंबर फुटणं आपल्याकडे रोजचं. त्यातलं ऑइल शंभर अंशांच्या आसपास तापतं, म्हणजे साधा इपॉक्सी तिथे रबर झालेला असतो. तरीही चेंबरवरचा एम-सील कित्येकदा टिकतो. का? कारण तिथे भारच नसतो. वीतभर ऑइलचा दाब जेमतेम ०.०२ बार (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब). रेडिएटरच्या झाकणाखाली साधारण एक बार असतो, तोही तापून-निवून रोज बदलणारा. आणि पेट्रोल इंजिनाच्या ज्वलनकक्षात पन्नास बार किंवा जास्त, डिझेलमध्ये शंभराच्या पुढे, वर जळत्या वायूचं तापमान दोन हजार अंश. हेडच्या (ज्वलनकक्षाच्या वरच्या झाकणाच्या) भेगेला आतून इपॉक्सी फासणाऱ्याने त्यासोबत नवी लिंबू-मिरचीही बांधावी, दोन्हींचा उपयोग सारखाच.

प्रसरणाचंही पाहा. दहा सेंटीमीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ८० अंशांनी तापली तर ०.१८ मिलिमीटर वाढते, तेवढाच नुसता इपॉक्सी ०.४ हून जास्त. दर वेळी इंजिन तापलं की कडेला ही ओढाताण होते. धातूच्या पुडीचं खरं काम इथे आहे. ती इपॉक्सीचं प्रसरण धातूच्या जवळ आणते.

चेंबर किंवा मॅग्नेटोचं कव्हर घरी जोडायचंच असेल, तर आधी ऑइल काढून भाग सुटा करा. बीडाच्या ओतकामाची छिद्रं ऑइल पिऊन बसलेली असतात. भाग कोमट केला की ते घामासारखं वर येतं, मग पुसा, पुन्हा तापवा. रॉकेल-डिझेलने पुसल्यावर तेलकट पापुद्रा राहतो, शेवटचा हात अ‍ॅसिटोनचाच हवा. भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा. सगळा ताण टोकाच्या अणकुचीवर एकवटतो, भोकाने ते टोक बोथट होतं आणि भेग पुढे पळत नाही. मग भेग इंग्रजी ‘व्ही’सारखी रुंद करा आणि जाड पॉलिश पेपरने आजूबाजूचा भाग घासा.

आता त्यावर पाणी ओता. पाण्याचा सलग पातळ पडदा टिकला तर पृष्ठभाग स्वच्छ. कुठे पडदा फाटून थेंब गोळा झाले, तर तिथे तेल आहे. पाणी जिथे पसरत नाही, तिथे इपॉक्सीही नीट पसरणार नाही. पूर्ण वाळवून लगेच लावा. अ‍ॅल्युमिनियमसाठी एक खुबी आहे: इपॉक्सीचा पातळ हात देऊन त्याच्यासकट पॉलिश पेपर फिरवा, म्हणजे नव्याने उघड्या पडणाऱ्या धातूला हवा लागण्याआधी इपॉक्सी लागतो. हातमोजे घाला. हार्डनरची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

चोवीस तास हात लावू नका. नंतर भाग भार न देता भर उन्हात किंवा हॅलोजनच्या दिव्याखाली हळूहळू तापू द्या. जखडलेले रेणू सुटतात, राहिलेली कडी उघडतात आणि काचसंक्रमण पुढे सरकतं. पेट्रोलच्या टाकीवर, ब्रेकवर आणि स्टिअरिंगच्या भागांवर हे प्रयोग करायचे नाहीत.

आणि पुढे-मागे आर्गन वेल्डिंग करून घ्यायचं ठरलं, तर मिस्त्रीला भाग देताना आत इपॉक्सी आहे हे आधी सांगा. त्याला तो ग्राइंडरने मुळापासून काढावा लागतो. राहिलेला कण आर्कखाली जळून धूर आणि काजळी करतो, आणि जोडात बुडबुडे धरतात.