अवर्षण वेगळं, पाणीटंचाई वेगळी

महसूल मंडळात सरासरीइतका पाऊस होतो आणि मार्च उजाडताच गावात टँकर येतो. मग पर्जन्यमापक खोटा ठरतो. बहुतेक वेळा तो खरंच सांगत असतो, आपण त्याला विहिरीचं विचारत असतो.

अवर्षण म्हणजे ठरावीक काळात नेहमीपेक्षा कमी पाऊस पडणं. टंचाई म्हणजे गरजेला साठा न पुरणं. बोलण्यात दोन्हींना दुष्काळच म्हणतात, त्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्यावर केला जातो.

अवर्षण मोजायला प्रमाणित पर्जन्य निर्देशांक, म्हणजे एसपीआय, वापरतात. तो १९९३ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या संशोधकांनी मांडला. डिसेंबर २००९ मध्ये नेब्रास्कातल्या लिंकन इथे अनेक देशांचे तज्ज्ञ बसले आणि सगळ्या देशांच्या हवामान खात्यांनी हीच मोजपट्टी धरावी अशी शिफारस झाली. कारण साधं आहे. लातूरचे आणि स्पेनचे मिलिमीटर शेजारी ठेवून काही कळत नाही, पण ‘असं वर्ष किती वर्षांतून एकदा येतं’ हे दोन्हीकडे ताडून पाहता येतं.

रीत अशी. एकाच केंद्राच्या किमान ३० वर्षांच्या मासिक नोंदी घ्यायच्या. दरवर्षीची जुलै ते सप्टेंबरची बेरीज करायची, त्या बेरजांवर गॅमा वितरण, म्हणजे किती पाऊस किती वेळा पडतो ते दाखवणारा गणिती वक्र, बसवायचं आणि यंदाच्या बेरजेची संभाव्यता काढून ती सामान्य वितरणाच्या, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्राच्या, पट्टीवर आणायची. त्या पट्टीवर शून्य म्हणजे नेहमीइतका पाऊस, उणे म्हणजे कमी. उणे १ ते उणे १.४९ मध्यम अवर्षण, उणे १.५ ते उणे १.९९ तीव्र, उणे २ किंवा त्याखाली अतितीव्र.

चुका ठरलेल्या असतात. पर्जन्यमापक दुसऱ्या आवारात हलवला किंवा शेजारी झाड वाढलं, तरी जुनी आणि नवी नोंद एकाच माळेत ओवली जाते. फेब्रुवारी-मार्चचा एसपीआय काढला तर बहुतेक वर्षं शून्य पावसाची असल्याने एखादी अवकाळी सरसुद्धा ‘अतिवृष्टी’ दिसते. सगळ्यात महागात पडते ती बेरीज. ऑगस्टमध्ये पावसात २५ दिवसांचा खंड पडला, सोयाबीनचा फुलोरा गळाला आणि सप्टेंबरमध्ये तीन दिवसांत १५० मिमी कोसळला, तरी तिमाही निर्देशांक शून्याच्या आसपासच राहतो. म्हणूनच केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत तीन-चार आठवड्यांचा खंड स्वतंत्रपणे पाहिला जातो.

टंचाईचं गणित आभाळात नाही, खडकात आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर बसला आहे. पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि भेगा. उपसून हाती येणारं पाणी खडकाच्या घनफळाच्या साधारण १ ते ३ टक्केच. २ टक्के धरले तर १०० मिमी पाणी मुरल्यावर विहिरीची पातळी ५ मीटर चढते. बघणाऱ्याला वाटतं, विहीर तुडुंब, वर्ष निघालं. पण त्याच हिशेबाने एका हेक्टरखालची पातळी १ मीटर उतरली म्हणजे निघालेलं पाणी फक्त २ लाख लिटर, दहा हजार लिटरचे २० टँकर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या पाणीरेल्वेत १० वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, होत्या, म्हणजे ५ लाख लिटर. २,००० मिमी पाणी पिणाऱ्या एक हेक्टर उसाला तशा ४० खेपा लागतील! पाऊस सरासरीइतका असूनही टँकर का लागतो, याचं उत्तर बऱ्याच गावांत इथेच सापडतं.

उपग्रहावरून भूजल कळतं असंही ऐकू येतं. अमेरिका आणि जर्मनीचा ग्रेस उपग्रहांचा जोड २००२ मध्ये सुटला, पुढचा २०१८ मध्ये. एकामागे एक धावणाऱ्या दोन यानांमधलं सुमारे २२० किलोमीटरचं अंतर गुरुत्वाकर्षणाने सूक्ष्म बदलतं, त्यावरून खालच्या पाण्याचं वस्तुमान काढतात. काम अस्सल आहे, पण त्याला एका वेळी दिसतो तो भाग लाखभर चौरस किलोमीटरहून मोठा. अख्खा मराठवाडा साधारण ६५ हजार. त्या नकाशावरून तालुक्याचं भूजल सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

गावपातळीवर राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी कामाच्या. पावसाळ्यानंतरची पातळी मागच्या ५ वर्षांच्या सरासरीशी ताडतात. घट जितकी जास्त, टंचाई तितकी लवकर.

निर्देशांक उणे आणि विहीर ठीक असेल तर संरक्षित पाणी, म्हणजे ऐन ताणाच्या वेळी एखाद-दुसरी पाळी, देऊन उभं पीक वाचवता येतं. निर्देशांक ठीक आणि विहीर खाली असेल तर रब्बीचं क्षेत्र आणि उपशाचे तास ऑक्टोबरमध्येच ठरवावे लागतात. त्या वेळी नवीन बोअर घेतला तर शेजाऱ्याचंच पाणी आपल्याकडे येतं, साठा वाढत नाही.

विहीर स्वतः मोजायची असेल तर मोटर १२ तास बंद ठेवून सकाळी, काठावरच्या एकाच खुणेपासून टेप सोडावा. खूण बदलली की अर्धा मीटर इकडेतिकडे होतो, आणि वरच्या हिशेबाने तो हेक्टरी १० टँकरांचा फरक.